झडतीची यादी

नूतन जाऊन आठ महिने झाले होते, तेव्हा प्रफुलने मला ऑफिसात बोलावलं आणि एक कागद वाचायला दिला.

प्रफुल आमच्या ट्रस्टच्या दवाखान्याचा व्यवस्थापक आहे. पस्तीस वर्षांचा, नागपूरचा. दवाखाना गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेला आहे, डांबरी रस्ता संपून जंगल दाट होतं तिथं. मी तिथं एकतीस वर्षांपासून जनरेटर आणि पाण्याचे पंप पाहतो. नूतन माझी बायको. तीही तेवढीच वर्षं तिथं होती, रेकॉर्डच्या खोलीत.

कागद जिल्ह्याच्या ऑफिसला जाणार होता. बोरमेटा गावची करिश्मा, वय तेरा, सिकलसेलची रुग्ण, मागच्या ऑगस्टमध्ये वारली, असं त्यात लिहिलं होतं. तिला जूनमध्ये चार महिन्यांच्या गोळ्या द्यायला हव्या होत्या, एकाच महिन्याच्या दिल्या गेल्या. आणि त्याचं कारण, 'कै. नूतनबाई यांनी तयार केलेल्या जुन्या संगणक प्रोग्रॅममधील दोष'.

मी तो दोनदा वाचला.

"तिनं अशी चूक केली नसेल," मी म्हटलं.

"भाऊ, मी कुठं म्हणून राह्यलो की मुद्दाम केली? तीस वर्षांचा प्रोग्रॅम. होऊन जाते." प्रफुल पेन टेबलावर आपटत होता. "आता नवीन सॉफ्टवेअर आलं. जुन्याचा विषय संपवून टाकू. एवढा कागद गेला की फाइल बंद."

"तिचं नाव कशाले टाकलं?"

"कोणाचं टाकू? तिनंच बनवला ना? आणि भाऊ, वाईट वाटून घेऊ नका, बाई तर गेल्या. त्यांना काही होणार नाई."

मग त्यानं मला बोलावण्याचं खरं कारण सांगितलं. कागदाला प्रोग्रॅमची छापील प्रत जोडायची होती, आणि ती काढता येणारा दवाखान्यात मी एकटाच उरलो होतो. शुक्रवारी जिल्ह्याहून साहेब येणार होते.

"शुक्रवारपर्यंत तो कागद पाठवू नको," मी म्हटलं. "चूक कोणाची आहे ते मी दाखवतो."

तो हसला. "दाखवा."

प्रोग्रॅम काय होता ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही.

१९९३ साली मोठ्या डॉक्टरांना कुणीतरी कॉम्प्युटर भेट दिला. मोठे डॉक्टर आता नाहीत. तीन महिने कॉम्प्युटर खोक्यातच होता. मी वायरी जोडल्या आणि नूतनने तो सुरू केला. ती ब्रह्मपुरीच्या कॉलेजात बी.एस्सी. झाली होती आणि नागपुरात तिनं सहा महिन्यांचा कोर्स केला होता. त्यात बेसिक शिकवत. बेसिक म्हणजे कॉम्प्युटरला हुकूम द्यायची भाषा. एका ओळीत एक हुकूम, प्रत्येक ओळीला नंबर, तोही मध्ये जागा राहावी म्हणून दहा-दहाच्या अंतराने, आणि मशीन नंबराप्रमाणे खाली खाली जातं. भाषा जुनी झाली, मशीन चारदा बदललं, पण नव्या मशीनवरही एका काळ्या चौकटीत तिचा प्रोग्रॅम चालत राहिला.

नूतनचा धाकटा भाऊ एकोणिसाव्या वर्षी सिकलसेलने गेला होता. म्हणून तिनं सगळ्यात आधी सिकलसेलच्या रुग्णांचं रजिस्टर केलं. नाव, गाव, रक्ताचा रिपोर्ट, गोळ्या कधी नेल्या, पुन्हा कधी यायचं. नऊशे ओळी झाल्या. त्यातला सगळ्यात कामाचा भाग जूनच्या यादीचा होता. आमच्याकडे पावसाळ्यात नदीपलीकडची गावं तुटतात. जुलैत गेलेला माणूस दिवाळीच्या आधी दवाखान्यात येईलच याचा भरवसा नसतो. म्हणून अशा गावांतल्या रुग्णांना जूनमध्येच चार महिन्यांच्या गोळ्या द्यायच्या. बाकीच्यांना नेहमीसारख्या एका महिन्याच्या. कोणतं गाव तुटतं हे नूतनने स्वतः जीपने आणि पायी फिरून लिहून आणलं होतं.

प्रोग्रॅममध्ये आकडे ठेवायला जणू डबे असतात. डब्याला नाव द्यायचं, एक अक्षर पुरतं. एफ नावाच्या डब्यात ती, गाव तुटणारं असेल तर एक ठेवायची, नसेल तर शून्य. पुढे गोळ्यांची चिठ्ठी छापताना मशीन एफ उघडून पाहायचं. एक असेल तर चार महिने, शून्य असेल तर एक महिना.

या डब्यांची एक भानगड आहे. एकच डबा तुम्ही चुकून दोन कामांना वापरला तर मशीन तक्रार करत नाही. पहिलं फेकून देतं आणि दुसरं ठेवतं. ९७ साली नूतनकडून तसं झालं होतं. दोन बायकांचे रिपोर्ट एकमेकींच्या नावावर छापले गेले. त्याच दिवशी लक्षात आलं, कुणाचं काही बिघडलं नाही, पण ती दोन दिवस जेवली नाही. मग तिनं नागपूरच्या आपल्या सरांना पत्र लिहिलं आणि त्यांनी एक फ्लॉपी पाठवली.

त्या फ्लॉपीवर एक छोटा प्रोग्रॅम होता. तो दुसरा प्रोग्रॅम सगळा वाचायचा आणि यादी छापायचा. हा डबा कोणकोणत्या ओळींत आहे, या ओळीवर कुठून कुठून उडी मारून येतात, असं सगळं, अक्षरवार. एफ, ओळ अमुक, अमुक, अमुक. आमच्या भागात नाक्यावर गाडी थांबवून पिशवीन् पिशवी उघडून पाहतात, तसं ते. म्हणून आम्ही त्याला झडती म्हणायचो.

त्यानंतर तिचा नियम ठरला. झडती घेतल्याशिवाय प्रोग्रॅमची एक ओळ बदलायची नाही. आधी प्रोग्रॅम साध्या अक्षरांत साठवायचा, मग झडती लावायची, यादी छापायची, जो डबा वापरायचा त्याच्यापुढच्या प्रत्येक ओळीवर जाऊन पाहायचं आणि लाल पेन्सिलने खूण करायची. बदल झाला की पुन्हा झडती. शेवटी त्या ओळींखाली तारीख आणि आपलं अक्षर, एन. सव्वीस वर्षं तिनं हे केलं. मी तिला कधी कधी चिडवायचो.

"दोन ओळींसाठी वीस मिनिटं? एवढ्यात माझा पंप खोलून पुन्हा बसवून होते."

"तुमचा पंप चुकला तर पाणी येत नाई जी," ती म्हणायची, "लोकं ओरडतात. हे चुकलं तर कोणी ओरडत नाई."

मीही तिच्याकडून शिकत गेलो, घरी क्वार्टरमध्ये ठेवलेल्या दुसऱ्या मशीनवर. आधी ती सांगेल ते टाईप करायचं. मग बारीकसारीक स्वतः.

मंगळवारी सकाळी मी रेकॉर्डच्या खोलीत बसलो. जुना प्रिंटर कपाटावरून उतरवला, रिबीन बदलली. खोली झाडायला बायनाबाई आली. ती आमच्याच वयाची, नूतनशी रोज भांडायची आणि रोज तिच्याच डब्यातली भाजी खायची.

"काय जी सोमाजीभाऊ, बाई होती तवा या खोलीत पाय नव्हता ठेवत. आता इथंच राह्यता का?"

"काम आहे बायनाबाई."

"पेटवा ते मशीन. करकर करते त मले वाटते बाईच बसली हाये. लय कजाग बाई. चप्पल घालून आली का ओरडे." ती झाडू टेकवून उभी राहिली. "खरं हाय का जी, ते पोरगी बाईच्या मशीननं मेली म्हणते?"

"कोण म्हणते?"

"सगळेच म्हणते."

मी झडती लावली. प्रिंटर सुरू झाला आणि कागद खाली घडी पडत जमू लागला. बायनाबाई थोडा वेळ ऐकत राहिली आणि निघून गेली.

मला खात्री होती. मला वाटत होतं, नवीन सॉफ्टवेअरवाल्या पोरांनी माहिती हलवताना काहीतरी मोडलं असणार, आणि ते मी साहेबांच्या समोर कागदावर मांडीन. मी लाल पेन्सिल घेतली आणि एफचं पान काढलं.

एफ. ओळ ६०२०, ६०४०, ६१६०, ६१८०, ६३००.

६०२० आणि ६०४० मला ठाऊक होत्या. तिथं गाव तुटतं की नाही ते ठरतं. ६३०० ला चिठ्ठी छापली जाते. मधल्या दोन मी उघडून पाहिल्या.

त्या ओळी माझ्या होत्या.

मागच्या एप्रिलमध्ये प्रफुलने सांगितलं होतं, की चिठ्ठीवर त्या गावच्या आशाताईचं नाव छापलं पाहिजे, वरून आदेश आहे, आठवड्यात करा. नूतन तेव्हा अंथरुणावर होती. पोटाचा कॅन्सर होता. जानेवारीपासून ती पडूनच सांगायची आणि मी क्वार्टरमधल्या मशीनवर टाईप करायचो, हे सगळ्या दवाखान्याला माहीत होतं. त्या दिवशी दुपारी तिला दुखण्याचं इंजेक्शन दिलं होतं आणि ती झोपली होती. मी तिचे कपडे धुतले, पेज केली, पंप बंद करून आलो. मग म्हटलं, हिला उठवायचं कशाला, एवढं तर आपल्यालाही येतं. आशाताईंच्या यादीत गावाचं नाव शोधायचं, सापडलं तर ताईचं नाव छापायचं. सात ओळी. सापडलं की नाही याची खूण ठेवायला एक डबा लागतो. तिच्या कोर्सच्या वहीत असंच शोधण्याचं उदाहरण होतं, त्यात खुणेचा डबा एफ होता. मी तसाच उतरवला.

झडती घेतली नाही. वीस मिनिटांचं काम होतं. मी थकलो होतो, आणि मला वाटलं, आता कोण बघतंय.

ओळींखाली तारीख घातली आणि एन लिहिलं. माझं अक्षर घालायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. प्रोग्रॅम तिचा होता. त्यात सगळीकडे एनच होता.

चार वाजता ती उठली. मी तिला सांगितलं, आशाताईचं काम झालं.

"झडती घेतली का जी?"

"घेतली."

"कागद दाखवा."

"रिबीन सुकली. स्क्रीनवर पाह्यली."

"नवीन डबा घेतला ना? भरलेला नाई ना घेतला?"

"नवीनच घेतला. तू झोप."

तिनं डोळे मिटले. तिला बरं वाटलं होतं. ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं आणि मलाही बरं वाटलं. जुलैच्या दोन तारखेला ती गेली.

मी खुर्चीत बसून सगळं जुळवलं. माझ्या ओळींनी एफमधला तिचा आकडा फेकून दिला होता. आशाताईंच्या यादीत ज्या गावाचं नाव होतं, तिथं एक पडला. ज्याचं नव्हतं, तिथं शून्य. म्हणजे रस्त्यालगतच्या, एस.टी. जाणाऱ्या गावांनाही चार महिन्यांच्या गोळ्या मिळाल्या. जूनमध्ये औषधाच्या खोलीतला माणूस ओरडत होता की यंदा गोळ्या एवढ्या लवकर कशा संपल्या. मी ते ऐकलं होतं आणि पंपाकडे गेलो होतो. आणि नदीपलीकडची तीन गावं अशी होती, जिथं आशाताईची जागा रिकामी होती. त्यातल्या दोन गावांत सिकलसेलचं कुणी नव्हतं. तिसरं बोरमेटा.

गोळ्या बंद झाल्या की हे दुखणं उसळतं. हाडं धरतात, छाती भरते. मी नूतनच्या तोंडून ते शंभरदा ऐकलं होतं.

बुधवार आणि गुरुवार मी कुणाशी बोललो नाही. मी गप्प बसलो असतो तर काहीच झालं नसतं. प्रफुलचा कागद गेला असता, फाइल बंद झाली असती, मला क्वार्टर राहिलं असतं. हे मी विचारात घेतलं नाही असं सांगणार नाही. दोन्ही दिवस घेतलं. भिंतीवर तिचा फोटो आहे, त्याच्याकडे पाठ करून जेवलो.

शुक्रवारी साहेब आले. चांगला माणूस वाटला, कपाळावर चष्मा ठेवून ऐकणारा. प्रफुल होता. मी झडतीची यादी आणि माझ्या सात ओळींची छापील प्रत टेबलावर पसरली, दोन ओळींवर लाल खुणा केलेल्या, आणि सगळं सांगितलं. डबा काय, एफ काय, माझ्या सात ओळी कुठल्या.

साहेबांनी प्रतीवरची शेवटची ओळ बोटाने दाखवली. "हे एन म्हणजे?"

"नूतन."

"मग या ओळी बाईंच्याच झाल्या."

"नाही साहेब, मी लिहिल्या. एन मी टाकलं."

"तिच्या नावाने तुम्ही का टाकाल?"

सवय होती, असं काहीतरी म्हणालो.

"तुम्ही कॉम्प्युटर कुठे शिकलात?"

"बायकोकडं."

"सर्टिफिकेट वगैरे?"

"नाही."

"जनरेटर पाहता ना तुम्ही?"

"हो."

प्रफुल मध्ये बोलला. "साहेब, एप्रिलमध्ये बाई बेडवर होत्या. त्या सांगत, हे टाईप करत. सगळ्यांना माहीत आहे."

"त्या दिवशी ती झोपली होती," मी म्हटलं. "मी एकट्यानं लिहिल्या. तिनं उठल्यावर विचारलं, झडती घेतली का. मी खोटं बोललो."

"याला कोणी साक्षीदार?"

"घरात आम्ही दोघंच."

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे तुम्ही तिच्याशी खोटं बोललात हे खरं धरायचं, आणि आता बोलता आहात तेही खरंच धरायचं."

"हो."

"सोमाजीभाऊ," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "माझी आई मागच्या वर्षी गेली. मला समजतं. माणूस गेलेल्यासाठी काहीही अंगावर घ्यायला तयार होतो. पण सरकारी कागदात मी भावना लिहू शकत नाही. कागदावर एन आहे."

"साहेब, भावना नाही हो—"

"यांचा लय जीव होता बाईवर," प्रफुल म्हणाला. "आमच्या दवाखान्यात सगळे यांचं उदाहरण देतात."

मी हात जोडले. मी म्हटलं, माझ्यावर केस करा, क्वार्टर काढून घ्या, पण तिचं नाव काढा. जेवढं बोललो तेवढे ते दोघं आणखी मऊ होत गेले. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. झडतीची यादी आणि ती प्रत घडी करून कागदाला जोडली. तिच्या चुकीचा पुरावा म्हणून.

ते गेल्यावर प्रफुल म्हणाला, "भाऊ, काऊन स्वतःले त्रास करून घेता? उद्या आराम करा. पंप दुसरा पाहील."

संध्याकाळपर्यंत गोष्ट सगळीकडे गेली. जेवणाच्या खोलीत नर्सबाईंनी मला पोळी जास्तीची वाढली. बायनाबाई म्हणाली, "असा नवरा पाह्यजे जी. मेलेल्या बायकोचं पाप डोक्यावर घेऊन राह्यला."

"पाप माझंच आहे बायनाबाई."

"हो, हो," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

नूतन असती तर तिनं त्या सगळ्यांना चांगलं सुनावलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी बोरमेट्याला गेलो. नदीपर्यंत जीप मिळाली. मार्च होता. नदीत गुडघाभर पाणी आणि बाकी वाळू. पँट वर करून पंधरा मिनिटांत पलीकडे झालो. पलीकडून गावापर्यंत तासभर पायवाट. मोहाचे दिवस होते, झाडांखाली जमीन जाळून साफ केलेली, बाया-माणसं टोपल्या घेऊन परतत होती. त्यांना विचारत विचारत पत्रूच्या घरी पोचलो.

पत्रू करिश्माचा बाप. चाळीसच्या आतबाहेरचा, वाळलेला माणूस. तो आणि त्याची बायको मंगली अंगणात मोहफुलं वाळायला पसरत होते. त्यांनी मला पाहिलं, काम थांबवलं नाही.

"दवाखान्यातून आले?" पत्रूने विचारलं.

"हो."

"आंगठा पाह्यजे? एक जण आला होता, घेऊन गेला."

"नाही. मला सांगायचं आहे तुम्हाला. करिश्माच्या गोळ्यांचं."

त्यानं हातातली फुलं टाकली आणि बसला. मला बस म्हणाला नाही. मी समोर जमिनीवर बसलो आणि सांगितलं. साहेबांना सांगितलं त्याहून सोपं करून सांगितलं. मशीनमध्ये डबे असतात. एका डब्यात लिहिलेलं होतं, की बोरमेटा नदीपलीकडे आहे, चार महिन्यांचं द्या. मी त्यातलं काढून फेकलं आणि माझंच दुसरं काही ठेवलं. पाहिलं नाही, की तो डबा भरलेला आहे.

"फेकलं," पत्रू म्हणाला.

"हो."

"पाह्यलं नाई."

"नाही."

तो फुलांकडे वळला. मग म्हणाला, "मी गोळ्यांच्या खिडकीवर म्हटलो होतो. त्यानं एका महिन्याचं देलं त म्हटलो, साहेब, दरसाली चारचं देता. नदी भरते, मी कसा येऊ? त म्हणे, मशीननं एक लिवलं. मशीनले जास्त समजते का तुले?" त्याचा आवाज चढला नाही. "मी म्हटलो, ते कागद लिवणाऱ्या बाईले विचारा, तिले माहीत हाये. त म्हणे, बाई बिमार हाये."

हे मला ठाऊक नव्हतं. प्रफुलच्या कागदात हे कुठंच नव्हतं.

"जुलैत तीन खेपा नदीवर आलो," पत्रू म्हणाला. "पाणी पाहून वापस गेलो."

मंगलीने त्याला गोंडीत काहीतरी विचारलं. त्यानं हाताने थांब म्हटलं.

"ते बाई म्हणजे लाल पेन्सिलवाली ना? करिश्माले नावानं बोलवे. माझी पोरगी मले म्हणे, बाबा, तिथी एक बाई हाये, तिले माझं नाव पाठ हाये."

"हो. ती माझी बायको. तिचं नाव लावलं त्यांनी कागदावर. पण तिनं नाही केलं. तिनं मला विचारलं होतं, पाहिलं का म्हणून. मी पाहिलं म्हणून सांगितलं."

"नाई पाह्यलं आन् पाह्यलं म्हणले?"

"हो."

"बिमार बाईले?"

"हो."

"मरतीवर होती तवा?"

"हो."

पत्रूने मंगलीकडे वळून तिला सगळं सांगितलं. मला गोंडी येत नाही. करिश्माचं नाव दोनदा ऐकू आलं. मग नदीच्या दिशेला हात गेला, मग माझ्याकडे बोट. मंगलीने माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली नाही. एवढं तरी करायचं म्हणून आलो होतो. मग ती पुन्हा फुलं पसरू लागली, एकेक फूल वेगळं करून.

"साहेबाले सांगितलं हे?" पत्रूने विचारलं.

"सांगितलं. मानत नाहीत. म्हणतात, बायकोवर जीव आहे म्हणून असं बोलतो."

"मी मानतो."

मी त्याच्याकडे पाहिलं.

"जीव असता त खोटं नसते बोलले," तो म्हणाला. "तुमीच केलं. मी मानतो. या गावात कोणी बाईचं नाव नाई घेणार. तुमचं घेऊ."

मी त्यासाठीच आलो होतो. ते मिळालं. पाया पडावं म्हणून मी पुढे वाकलो, तर त्यानं पाय मागे घेतले.

"जा आता," तो म्हणाला. "आन् त्या खिडकीवाल्याचंबी नाव लिवा. लिवता येते ना तुमाले?"

"येते."

"मंग लिवा."

मी उठलो. बाहेरून आलेल्या माणसाला इकडे आधी पाणी देतात, मग विचारतात कोण म्हणून. मला कुणी पाणी विचारलं नव्हतं, आणि मीही मागितलं नाही. नदीवर आल्यावर ओंजळीने प्यालो आणि पलीकडे गेलो. सोमवारी मी जिल्ह्याच्या ऑफिसच्या नावानं लेखी अर्ज दिला. त्यात खिडकीचं लिहिलं आणि माझ्या सात ओळी पुन्हा लिहिल्या. खाली माझी सही केली, पूर्ण नावानिशी. प्रफुलने तो वाचला आणि या वेळी तो मऊ बोलला नाही. क्वार्टर महिन्याच्या आत रिकामं करा म्हणाला.